नाव कोठे शे?

नवा मोबाइल हातात आला की माणसं आधी स्वतःचा फोटो काढतात. सुपडू आबा सेटिंगमध्ये शिरतात. तिथून 'फोनविषयी', तिथून 'कायदेशीर माहिती', तिथून 'ओपन सोर्स परवाने'; मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन ते खाली खाली जात राहतात. हा मजकूर जगात कोणी वाचत नाही. ज्याने तो तिथे टाकला त्याने तरी वाचला असेल का, मला शंका आहे. आबा वाचतात. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात. मोबाइल स्वतःचाच असला पाहिजे अशीही त्यांची अट नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा नवा फोन मी पेढ्यांसकट त्यांना दाखवायला नेला, ही माझी चूक. पेढा तसाच राहिला आणि फोन पाऊण तास सुटला नाही. मधे माझ्या नवऱ्याचे तीन कॉल आले, ते आबांनी माशी हाकलावी तसे बोटाने बाजूला सारले.

"थांबा ना बाई," ते म्हणाले, "एक जर्मन चाललाय. एवढंसं काम केलंय बिचाऱ्याने, पण नाव पूर्ण छापलंय. मधे बापाचं नावसुद्धा शे."

ते बापाचं नाव नसून जर्मनाचंच दुसरं नाव असणार, हे मी सांगितलं नाही. आबांचा आनंद मोडणं सोपं नाही आणि मोडला तर त्यांच्याशी पुढचा तास काढणं त्याहून अवघड.

जळगावात बसस्टँडच्या मागे आबांचं पत्रिकांचं दुकान आहे. साखरपुडा, लग्न, जाऊळ, वास्तुशांती आणि शेवटी, माणूस गेल्यावरची, गंधमुक्ती. माणसाच्या सगळ्या टप्प्यांवरून आबांचा हात फिरतो. मी शाळेत मराठी शिकवते. शाळेचं वार्षिक काढायचं काम दरवर्षी नेमकं माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे दर जानेवारीत मी त्या दुकानातल्या मोडक्या खुर्चीवर बसलेली असते. बारा वर्षं झाली. खुर्ची अजून तीच आहे.

बाहेरच्या लोकांना एक सांगायला हवं. आमच्या खानदेशात लग्नपत्रिका हे आमंत्रण नसतं, ती मतदारयादी असते. नवरा-नवरीची नावं मधे कुठेतरी असतात, तीही नाइलाजाने. खरी पत्रिका त्यांच्या खाली सुरू होते. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, आणि पाळण्यातल्या पोरांसाठी 'किलबिल'. मामाचं नाव काकाच्या खाली गेलं तर मामा लग्नाला येतो पण जेवत नाही. नावच राहिलं तर येत नाही, आणि मग त्याची पोरंही येत नाहीत. जागा संपली की उरलेल्यांना गोळा करून शेवटी 'व समस्त परिवार' असं लिहितात. या तीन शब्दांना आबा 'कचरापेटी' म्हणतात.

हे सगळं आयुष्यभर लावून लावून आबांना नावांचं वेड लागलं. कुठलीही गोष्ट दाखवा, त्यांचा अहिराणीतला प्रश्न ठरलेला: "नाव कोठे शे?" म्हणजे, नाव कुठे आहे? आमच्या शाळेच्या नव्या वर्गांचं उद्घाटन झालं तेव्हा कोनशिलेवर संगमरवर संपेपर्यंत नावं कोरली होती. पाहुण्यांची रांग पुढे सरकली, आबा तिथेच. ती सगळी नावं वाचून त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं, "आणि गवंड्याचं नाव कोठे शे?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, कारण आबांना मी बोलावलं होतं. हिवाळ्यात शाळेच्या मळ्यात भरीत-पार्टी झाली, तर पहिला घास घेण्याआधी या माणसाला वांगी कोणाच्या वावरातली ते हवं होतं. भरीत निवलं. आम्ही तरी किती वेळ थांबणार?

आता या माणसाचा आणि कॉम्प्युटरच्या जगाचा संबंध काय, तर तोही पत्रिकेतूनच आला. पूर्वी मराठी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तो फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला, की अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं उमटायची. 'चि. सौ. कां.' उघडावं तर शिवी दिल्यासारखं काहीतरी दिसायचं. आबांचे धाकटे भाऊ धुडकू नाना धुळ्याला गणिताचे मास्तर होते आणि त्यांना कॉम्प्युटरचा नाद होता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं भाऊ या दुकानात बसले. कुठलं अक्षर कुठे दडलंय ते आबा सांगत, नाना प्रोग्रॅम लिहीत. जुना मजकूर घातला की नव्या, कुठेही वाचता येईल अशा अक्षरांत बाहेर यायचा. दोघांनी तो प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवून दिला. कोणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. मूळ फाइलची किल्ली फक्त दोघा भावांकडे, आणि तिच्यात काही बदल केला की तो का केला हे एका ओळीत लिहावं लागतं. घेणाऱ्याला अट एकच: करणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत.

"म्हणजे फुकटच दिलंत," मी एकदा म्हटलं.

आबांना राग आला. "फुकट नाही बाई, खुलं. शेजारणीने वाटीभर मसाला दिला तर ते फुकट. तिने कृती लिहून दिली, आणि म्हणाली, हवी तशी बदला, वाटा, हॉटेल काढा, फक्त माझं नाव सांगा, तर ते खुलं. फरक शे का नाही?"

फरक होता. त्या दिवसापासून मी फुकट हा शब्द त्यांच्या दुकानात वापरला नाही.

जगभरच्या अशा खुल्या प्रोग्रॅमांची नावं प्रत्येक फोनच्या पोटात छापलेली असतात हे समजलं तेव्हा आबांना स्वर्ग दोन बोटं उरला. जगातली सगळ्यात लांब पत्रिका, आणि तीही कचरापेटीशिवाय! त्यांनी ती वाचायला घेतली ती आजतागायत वाचताहेत.

मोठ्या कंपन्यांबद्दल मात्र त्यांचं मत सावध होतं. "कृती कपाटात कुलूप लावून ठेवणारे लोक हे. खुल्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की नाक मुरडायचे. आणि आता जाहिरातीत त्याच्याशेजारी लाल बदाम काढून राहिले. वरपक्ष एकदम गोड बोलायला लागला ना बाई, की मी आधी मानपानाची यादी वाचतो."

"म्हणजे प्रेम खोटं?"

"मन कोणी पाहिलंय? मन दिसत नाही. पत्रिका दिसते."

हे त्यांनी म्हटलं, आणि पुढच्याच महिन्यात वरपक्ष दारात आला.

एका फार मोठ्या कंपनीची ई-मेल आली. इंग्रजीत. आबांनी ती वाचायला मला बोलावलं. मराठीची असले तरी बाई ती बाई. कंपनीला हा प्रोग्रॅम आपल्या फोनमध्ये घालायचा होता. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल ठरला. आबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि कॉम्प्युटरच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, गणपतीपुढे उदबत्ती लावली.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, मूळची साताऱ्याकडची, नोकरीला बंगळुरूत. ती दर वाक्याला 'सर' म्हणायची. आबांना आजवर कोणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे मागे कोण आलंय ते त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

"सर, लोकांचे जुने मराठी कागद फोनवर उघडतच नाहीत. तुमच्या कामामुळे उघडतील."

"मग घेऊन जा की. खुलंच शे ते."

"हो सर, पण आमच्या कायदा विभागाला एक कागद सही करून हवाय. सगळे हक्क कंपनीकडे येतील. मग आम्ही तुमच्यावर वेबसाइटवर लेख करू, मोठ्या फोटोसकट. इकडे बोलावून सत्कारही करू."

"आणि नावं?"

"नावांच्या जागी कंपनीचं नाव, आणि पुढे 'व इतर सहकारी' असं येतं सर. सगळ्यांचंच तसं येतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं का बाई? व समस्त परिवार!"

मुलीला काही कळलं नाही. ती उत्साहात पुढे म्हणाली, "कागदावर दोघांच्या सह्या लागतील हं सर. तुमची आणि तुमच्या भावाची."

यावर आबांनी काय करावं? त्यांनी हात पुढे करून लॅपटॉप मिटला. मुलगी वाक्याच्या मधेच अंतर्धान पावली. उदबत्ती तेवढी जळत राहिली.

बारा वर्षांत मी धुडकू नानांना दुकानात कधी पाहिलं नव्हतं असं नाही. पहिली दोन-तीन वर्षं ते सुट्टीत दिसायचे, मग दिसेनासे झाले. धुळं काही फार लांब नाही, पण माणसं कामात असतात, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी आबांनी सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी आबांच्या मुलीचं लग्न झालं. तिची पत्रिका अर्थात बापाने केली. सगळी नावं लावली, आणि धुडकूचं नाव यादीत न घालता सगळ्यांच्या वर, वेगळ्या ओळीत, एका नक्षीदार जुन्या फॉन्टमध्ये घातलं. भावाचा खास मान. सात वेळा प्रूफ वाचलं. फाइल छापखान्यात गेली. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता. तिथे त्या ओळीच्या जागी कंस आणि टक्के उमटले. छापणाऱ्याला वाटलं, काहीतरी कचरा आलाय. भला माणूस होता, त्याने ती ओळ स्वच्छ पुसून टाकली.

मशीनवरचं प्रूफ आबा नेहमी स्वतः जाऊन बघायचे. त्या एका वेळी लग्नघाईत गेले नाहीत. गठ्ठे छापखान्यातून परस्पर पाहुण्यांकडे गेले, एक प्रत देवापुढे ठेवली गेली. ज्या रोगावर दोघा भावांनी औषध काढलं होतं, त्याच रोगाने घरात गाठलं. आबांना कळलं ते मांडवात, अक्षता वाटताना. नवरीचा काका अजून कसा आला नाही म्हणून कोणीतरी विचारलं, आणि दुसऱ्या कोणीतरी पत्रिका पुढे केली.

"मी धुळ्याला गेलो होतो सांगायला," आबा म्हणाले. "तो दारातच म्हणाला, 'भाऊ, तू गावच्या पत्रिका छापस. तुन्हाकडथून भाऊचं नाव ऱ्हाई जाई?' काय सांगू बाई? दुसऱ्या कोणाकडून राहिलं असतं तर चूक म्हटली असती. माझ्याकडून राहिलं, म्हणजे मुद्दामच."

मला आबांच्या वेडाचं आजवर हसू यायचं. त्या संध्याकाळी घरी जाताना आलं नाही.

कंपनीला उत्तर आबांनी सांगितलं, मी इंग्रजी केलं. कागद नको, लेख नको, सत्कार नको. काम खुशाल घेऊन जा. अट पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे: दोन्ही नावं, जशी आहेत तशी. आता हे सगळं तत्त्वासाठी की नानांकडे सही मागायला जायचं धाडस नव्हतं म्हणून, असं मी चिडवायला विचारलं. "दोन्ही," आबा म्हणाले.

कंपनीचं उत्तर आलं नाही. आठ महिने गेले. मी म्हटलं, आबा, विसरा. एवढ्या मोठ्या घराला दोन खानदेशी नावांचं काय पडलंय? लाल बदाम जाहिरातीपुरता. ते काम तरी सोडून देतील, नाहीतर नावं तरी. पण आबांचा शोध सुरूच. पत्रिका टाकायला आलेल्या नवरदेवाचा फोन मागून घेत आणि तारखेआधी परवाने बघत. एका वरपित्याने तर फोन परत मागितला आणि काम शेजारच्या दुकानात दिलं.

यंदाच्या जानेवारीत मी वार्षिकाचं प्रूफ तपासत बसले होते आणि माझा फोन नेहमीप्रमाणे आबांच्या हातात होता. रात्रीतून तो अद्ययावत झाला होता, असलं काहीतरी सकाळी त्याने मला सांगितलं होतं. मी वाचलं नव्हतं. आबांचं बोट खाली सरकत होतं, ते थांबलं. ओठ थांबले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

इंग्रजी अक्षरांत, कुठल्या तरी फिनलंडवाल्याच्या खाली: धुडकू उखर्डू, सुपडू उखर्डू. बापाच्या नावासकट. एकही अक्षर न गाळता.

"जिंकलात!" मी ओरडले. "म्हणजे कंपनी मनाने मोठी निघाली म्हणायची."

आबांनी त्या ओळीखाली पुन्हा बोट धरलं. "मनाचं माहीत नाही बाई. वकिलाच्या भीतीनेही छापलं असेल. पण छापलं. त्यांचं मन खोटं असेल, तरी नाव आलं. माझं मन खरं होतं, आणि नाव राहिलं."

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त आबाच करू शकतात. त्यांनी पत्रिका छापली. एकच प्रत. सोनेरी किनार, कोपऱ्यात हळदकुंकू, वर गणपती. मजकूर असा: 'श्री. धुडकू उखर्डू यांस सप्रेम निमंत्रण. स्थळ: कोणताही नवा मोबाइल. सेटिंग, फोनविषयी, कायदेशीर माहिती, ओपन सोर्स परवाने, तिथून खाली येत राहणे. मुहूर्त: सवडीने. आपला नम्र: सुपडू.' या वेळी मशीनवरचं प्रूफ त्यांनी स्वतः उभं राहून बघितलं.

पुढच्या आठवड्यात मला प्रशिक्षणासाठी धुळ्याला जायचंच होतं. पत्रिका माझ्या पर्समध्ये आली.

नानांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. हसू नाही, राग नाही. मास्तर लोक उत्तरपत्रिका वाचतात तसं. त्यांचा फोन जुना, म्हणून माझा मागितला. मग चष्मा नाकावर आला, बोट ओळीखाली गेलं, ओठ हलायला लागले. मला एकदम वाटलं, मी जळगावातच बसले आहे. नावापाशी आल्यावर ते थांबले. फोन माझ्या हातात देत म्हणाले, "चुकेल शे."

चुकलंय, एवढंच. मी विचारलं काय चुकलंय, तर म्हणाले, चहा घ्या. मी चहा घेतला, आबांसाठी निरोप मागितला, निरोप नाही म्हणाले. बसमध्ये मी आबांना सांगायला गोड वाक्यं जुळवत होते, आणि एकही जुळत नव्हतं. शेवटी होतं तसं सांगितलं. आबांनी मान हलवली आणि एका गंधमुक्तीचं काम पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "बाई, लगेच या." मी अर्धा डबा टाकून गेले. स्क्रीनवर प्रोग्रॅमच्या त्या मूळ फाइलचं पान होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्यात बदल झाला होता. दोन नावांची अदलाबदल: सुपडू वर, धुडकू खाली. आणि कारणाच्या जागी एक ओळ: 'मोठ्याचं नाव वर पाहिजे. प्रूफ देखत जाय.'

"त्याचं नाव वर मीच टाकलं होतं, त्या उन्हाळ्यात," आबा म्हणाले. चष्मा पुसला, तो पुसून पुन्हा पुसला. मग त्यांनी नावं परत होती तशी केली आणि कारण लिहिलं: 'चूक मन्ही व्हती. तुन्हंच वर.'

सकाळी नावं पुन्हा उलटी. 'तू मोठा.'

आबांनी सुलटी केली. 'तू शिकेल शे.' शिकलेला आहेस, म्हणून.

'तर काय व्हयनं?'

हा कार्यक्रम रोज चालू झाला. फोन करा ना एकमेकांना, मी म्हटलं, पण दोघांनाही ते सुचत नव्हतं किंवा झेपत नव्हतं. दुकान उघडलं की आबा आधी ते पान उघडतात. एखाद्या दिवशी दुपारपर्यंत धुळ्याहून बदल आला नाही तर त्यांचं कामात लक्ष लागत नाही. एका पत्रिकेत त्यांनी नवरीलाच व्यवस्थापक केलं. ओळी हळूहळू नावांबद्दलच्या राहिल्या नाहीत. 'बीपीनी गोळी लेस का?' 'लेस. तू?' आणि गेल्या सोमवारी: 'आंडेर कशी शे?'

आंडेर म्हणजे लेक. जिच्या लग्नाला काका आला नाही ती. आबांनी ते तीन शब्द बोट धरून वाचले. मग त्यांनी नावं बदलली आणि लिहिलं: 'तुन्ही वाट देखस.'

परवा मी दुकानात असताना साताऱ्याच्या मुलीचा कॉल आला. आबांनी लॅपटॉप मिटला नाही.

"सर, त्या नावांसाठी मी आत आठ महिने भांडलेय," ती म्हणाली. "शेवटी हो म्हणाले."

"आणि तुझं नाव कोठे शे, पोरी?"

ती हसली. "आमचं नसतं सर. कंपनीचं असतं."

आबांनी तिचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, विचारून घेतलं आणि एका कोऱ्या पत्रिकेच्या पाठीमागे लिहून ठेवलं.

"पण सर, एक अडचण झालीय. तुमच्या फाइलमध्ये तीन आठवड्यांत चाळीसेक बदल आलेत. नुसती दोन नावं वर-खाली. आमचे वकील चक्रावलेत. नक्की कोणता क्रम पक्का धरू?"

आबांनी स्क्रीनवरच्या त्या पानाकडे पाहिलं. आजची ओळ अजून आली नव्हती.

"घाई करू नको, पोरी," ते म्हणाले. "आता कुठे बोलायला लागलाय तो."